सोडून जाण्याची किंमत

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या लहान टूलरूमला डायचं काम मिळतं, तेव्हा सगळ्यात आधी येते ती एक फाइल. पोलाद, मशीन, कारागीर हे सगळं नंतर. ईमेलला जोडलेल्या त्या फाइलमध्ये पार्टचं थ्रीडी मॉडेल असतं आणि ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं, त्याच सॉफ्टवेअरमध्ये धडपणे उघडतं. गिऱ्हाइकाकडे सीमेन्सचं एनएक्स असेल तर तुमच्याकडेही एनएक्स हवं, दासोचं कॅटिया असेल तर कॅटिया. दुसरं एखादं सॉफ्टवेअर स्वस्त आणि चांगलं असलं तरी या कामाला ते निरुपयोगी.

यावर उतारा म्हणून स्टेप नावाचा एक तटस्थ फॉरमॅट आहे. आयएसओ 10303 या आंतरराष्ट्रीय मानकाचा तो भाग. बहुतेक कोणत्याही कॅड सॉफ्टवेअरमधून स्टेप फाइल काढता येते आणि बहुतेक कुठेही उघडता येते. पण तिच्यातून पोचतो तो मुख्यतः आकार. मॉडेल कसं घडवलं, आधी कोणतं स्केच काढलं, मग कुठे छिद्र पाडलं, कोणत्या कडेला किती त्रिज्येचं फिलेट दिलं, हा सारा क्रम वाटेतच गळून पडतो. ताट वाढून आलं, कृती मात्र आली नाही, अशातला हा प्रकार. डाय करणाऱ्याला तर मॉडेलमध्ये बदल करावेच लागतात. पार्ट साच्यातून सहज सुटावा म्हणून भिंतींना एक-दोन अंशांचा ड्राफ्ट द्यायचा असतो, धातू थंड होताना आकसतो म्हणून माप किंचित वाढवायचं असतं. मूळ फाइल हातात असेल तर एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं. नुसत्या आकारावर तेच काम करताना कितीतरी पृष्ठभाग काढून पुन्हा बांधावे लागतात, आणि ते बांधून होतात न होतात तोच गिऱ्हाइकाकडून नवं रिव्हिजन येतं. म्हणून टूलरूमवाला शेवटी गिऱ्हाइकाचंच सॉफ्टवेअर घेतो. मोठी गिऱ्हाइकं दोन असली तर दोन सॉफ्टवेअर घेतो.

बाजारात बलाढ्य झालेली सॉफ्टवेअर कंपनी ग्राहकाचं नुकसान करते का, हा प्रश्न एरवी फोन आणि इंटरनेटच्या संदर्भात विचारला जातो. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या पुरवठादारांचं जाळं विणलं गेलं. अशा गावात हा प्रश्न टूलरूमपासूनच सुरू व्हायला हवा. टूलरूमवालाही ग्राहकच आहे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी खरेदी करणारा माणूस सहसा ग्राहक ठरत नाही. स्पर्धा कायदा, 2002 मात्र ग्राहकाची व्याख्या करताना वस्तू स्वतःच्या वापरासाठी घेतली, फेरविक्रीसाठी घेतली की धंद्यासाठी, हा भेदच मानत नाही. त्या कायद्याच्या नजरेत वाळूजचा टूलरूमवाला आणि फोनवर व्हिडिओ पाहणारी त्याची मुलगी, दोघंही सारखेच ग्राहक आहेत.

आधी पैशांचं पाहू. पूर्वी ऑटोकॅड एकदा विकत घेतलं की ते आपलं. नवी आवृत्ती आली तरी जुनीवर दहा वर्षं काम चालवणारे ड्राफ्ट्समन होते, आणि साध्या टूडी ड्रॉइंगला ती पुरतही होती. 1 फेब्रुवारी 2016 पासून ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅडसह आपल्या बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरची कायमची नवी लायसन्स विकणं थांबवलं. तेव्हापासून वर्गणी. रिन्युअल चुकलं की सॉफ्टवेअर बंद. ड्रॉइंग तुमच्याच डिस्कवर असतं, तुमच्याच माणसाने काढलेलं असतं, पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यावर पुन्हा हात फिरवायचा तर आधी पैसे भरायचे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाही. नव्याने धंद्यात पडणाऱ्याला मोठी रक्कम एकदम मोजावी लागत नाही, तीन महिन्यांचं काम असेल तर तीन महिन्यांपुरतं लायसन्स घेता येतं. सगळं जग एक-दोनच फॉरमॅट वापरतं म्हणून तर वाळूजच्या शेडमध्ये बसून जर्मनीतल्या कंपनीचं काम घेता येतं. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये किंवा उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकलेलं कौशल्य पुण्यात, चेन्नईत, कुठेही चालतं. हा फायदा एका कंपनीचं सॉफ्टवेअर सर्वत्र पसरल्यामुळेच मिळतो. त्यामुळे कंपनी मोठी आहे एवढ्यावरून तिला दोषी ठरवणं मला पटत नाही.

आपल्या कायद्यानेही तीच भूमिका घेतली आहे. 1969 च्या एमआरटीपी कायद्याला आकाराचंच वावडं होतं. ठरावीक मालमत्तेच्या वर गेलेल्या कंपनीला विस्तारासाठीही सरकारची परवानगी लागायची. 2002 च्या स्पर्धा कायद्याने ती दृष्टी सोडली. त्याचं कलम 4 वर्चस्वाला हात लावत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करतं. ही मनाई 20 मे 2009 पासून लागू झाली. पुढच्याच वर्षी वकिलांच्या एका संस्थेने मायक्रोसॉफ्टविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. विंडोज आणि ऑफिस वेगवेगळ्या लायसन्सखाली वेगवेगळ्या किमतींना विकलं जातं, हा तिचा मुद्दा होता. आयोगाने ते प्रकरण बंद केलं. वेगळ्या वापरासाठी वेगळी किंमत लावणं म्हणजे गैरवापर नव्हे.

मग गैरवापर कधी होतो? माझ्या मते कसोटी एकच आहे. ग्राहक नाराज झाला तर त्याला निघून जाता येतं का, आणि जाताना काय मागे सोडावं लागतं? जाण्याची वाट मोकळी असेल तर बलाढ्य कंपनीलाही जपून वागावं लागतं. ती वाट बुजली की किंमत, दर्जा, अटी, सगळं कंपनी ठरवेल तसं. 2020 च्या जुलैमध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस वास्तुरचना कार्यालयांनी ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहून रेव्हिट या सॉफ्टवेअरचा वाढता खर्च आणि त्यातल्या सुधारणांचा मंद वेग याबद्दल तक्रार केली. सह्या करणाऱ्यांत झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारखं जगप्रसिद्ध नाव होतं. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहावं लागतं, दुकान बदलता येत नाही, यातच सगळं आलं. तिथे आमच्या टूलरूमची काय कथा!

किमतीतून होणारं नुकसान सिद्ध करणं अवघड असतं, कारण स्पर्धा असती तर किंमत किती असती हे कोण सांगणार? एका खटल्यात मात्र ते कंपनीच्याच कागदांतून बाहेर आलं. अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर 1998 मध्ये भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी 5 नोव्हेंबर 1999 रोजी वस्तुस्थितीचे निष्कर्ष नोंदवले. त्यात मायक्रोसॉफ्टच्या 1997 च्या एका अंतर्गत पाहणीचा उल्लेख आहे. विंडोज 98 च्या अपग्रेडला 49 डॉलर लावले असते तरी तोटा झाला असता असं मानायला जागा नव्हती, पण सर्वाधिक उत्पन्न देणारी किंमत म्हणून त्या पाहणीने 89 डॉलर हा आकडा काढला होता. मधले 40 डॉलर म्हणजे पर्याय नसण्याचा भाव. पुढे 2001 मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला.

ते 40 डॉलर वाळूजशेजारच्या औरंगाबादेत मात्र कुणाला जाणवलेच नाहीत. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज कुठून आलं हे त्या काळी कुणी विचारत नव्हतं. क्रॅक व्हर्जन म्हणजे फुकटात मिळालेला माल, असं सगळे समजत होते. प्रत्यक्षात त्याची वसुली पुढे होत राहिली. चोरीचं का होईना, विंडोजच घरोघरी गेल्यामुळे खरोखर फुकट असलेल्या लिनक्सकडे वळायचं कारणच उरलं नाही. त्यात 2001 पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना कॉम्प्युटर शिकवला. सरकारी नोकरीला तो लागायचा म्हणून तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रं उघडली. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या हाताखाली पहिला माउस त्याच केंद्रात आला. हे काम मोठं होतं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शिकवलं गेलं ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिसच. सवय जडली ती एका कंपनीच्या मेनूंची. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे नीट चालणारी असंख्य जुनी यंत्रं अधिकृतपणे अपात्र ठरली. सुरक्षेचं कारण खरं आहे. पण हिशेबाच्या कामाला पुरेसा असलेला कॉम्प्युटर बदलायचा की धोका पत्करायचा, हा निर्णय अडत दुकानदाराच्या गळ्यात पडला, आणि लिनक्स टाकून बघू असं म्हणणारा माणूस त्याच्या ओळखीत नाही.

कुलूप घालायला कंपनी अमेरिकेचीच लागते असंही नाही. मराठी डीटीपीचा अनुभव आठवून पाहा. नव्वदीच्या दशकात मराठी अक्षरजुळणीला मोठी चालना देणारी श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम पुण्याच्याच सी-डॅकचं, म्हणजे सरकारी संस्थेचं. या सॉफ्टवेअरमुळे मराठी छपाई बदलून गेली. पण प्रत्येकाच्या फॉन्टमागे अक्षरांचे संकेतांक आपापले. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी दिसायची. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 मध्ये प्रसिद्ध झालं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी छापखाने पुढची वीस वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालले, कारण आधीची सगळी पुस्तकं, सगळे दिवाळी अंक, सगळ्या लग्नपत्रिकांचे नमुने त्यात होते. आजही औरंगपुऱ्यातल्या एखाद्या डीटीपीवाल्याला जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असली की आधी कन्व्हर्टर चालवायचा आणि मग रफार कुठे उडाला, जोडाक्षर कुठे तुटलं, हे ओळीओळीने तपासायचं. यात कुणाचा दुष्ट हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण खर्च झालाच, आणि तो वापरणाऱ्याने सोसला.

आता फुकट मिळणाऱ्या गोष्टींकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. अँड्रॉइडला पैसे पडत नाहीत, नकाशाला पडत नाहीत, मराठी कीबोर्डही फुकट. मग तक्रार कसली? स्पर्धा आयोगाकडे अँड्रॉइडबद्दल गेलेली माहिती कुण्या प्रतिस्पर्धी कंपनीने दिली नव्हती. ती दिली अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तिघा तरुणांनी. एप्रिल 2019 मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला आणि 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाच्या निष्कर्षाचा गाभा असा. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर त्यासोबत सर्च, क्रोम, यूट्यूब अशी गूगलची सगळी ॲप फोनमध्ये आधीच टाकावी लागत. शिवाय गूगलला मान्य नसलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीवर एकही फोन काढायचा नाही, अशी हमी द्यावी लागे. प्ले स्टोअर नसलेला फोन भारतात कोण घेणार? म्हणजे नकार देण्याची सोय कागदावरच होती.

गूगलचं म्हणणं असं की या अटींमुळेच अँड्रॉइड फुकट देणं परवडतं, फोन स्वस्त राहतो आणि एकच ॲप सगळ्या फोनांवर नीट चालतं. त्यात तथ्य आहे. सात-आठ हजारांच्या फोनवर खेड्यातल्या बाईला बाजारभाव, बँक आणि मुलीचा अभ्यास मिळाला, हे अँड्रॉइडचं श्रेय कुणी नाकारू नये. नुकसान झालं ते दिसत नाही, कारण ते न घडलेल्या गोष्टींचं आहे. मुंबईतल्या आयआयटीतून शिकलेल्या काही तरुणांनी भारतीय भाषांसाठी इंडस ओएस उभी केली होती. 2015 पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आली, मग इंटेक्स, कार्बन यांच्यावर. मराठीत मेनू, मराठीत पुढचा शब्द सुचवणारा कीबोर्ड, संदेशावर बोट फिरवलं की इंग्रजीतून मराठी, आणि ईमेल पत्ता नसलेल्यालाही ॲप उतरवता येईल असं स्वतःचं ॲप बझार. पुढे चिनी फोनांच्या लाटेत मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्या मागे पडल्या आणि या प्रणालीचा आधार गेला. ते गूगलने केलं असं मी म्हणत नाही. पण त्यांचं ॲप दुकान तगलं, फोनपेकडे गेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस ॲपस्टोअर म्हणून नव्याने उघडलं. ते प्ले स्टोअरमधून घेता येत नाही. संकेतस्थळावर जाऊन उतरवावं लागतं आणि उतरवताना फोन अनोळखी स्रोताचा इशारा दाखवतो. दुसऱ्या ॲप दुकानांना प्ले स्टोअरमध्ये जागा द्या, असं आयोगाच्या आदेशात होतं. 29 मार्च 2023 रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि चार निर्देश रद्द केले. त्यातला एक हाच.

दुकान एकाच्या हाती असलं की काय होतं ते 1 मार्च 2024 ला दिसलं. शुल्काच्या वादातून गूगलने शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, कुकू एफएम अशी काही भारतीय ॲप प्ले स्टोअरमधून काढली. सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. वाद कुणाच्या बाजूने बरोबर होता हा वेगळा मुद्दा. डिजिटल मालाच्या विक्रीवर प्ले स्टोअर 15 ते 30 टक्के आकारतं, दुसऱ्या मार्गाने पैसे घेतले तर त्यात 4 टक्के सूट. हा पैसा ॲपवाला स्वतःच्या खिशातून देत नाही. तो वर्गणीत धरलेला असतो, आणि वर्गणी भरणारे आपण. प्ले स्टोअरच्या या धोरणाबद्दल आयोगाने 936.44 कोटींचा दंड केला होता. मार्च 2025 मध्ये न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला.

व्हॉट्सॲपचं उदाहरण तर प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. जानेवारी 2021 मध्ये नवं गोपनीयता धोरण आलं. मान्य करा, नाहीतर वापरणं सोडा. अनेकांनी सिग्नल, टेलिग्राम उतरवून घेतलं आणि काही दिवसांत गुपचूप परत आले, कारण शाळेचा ग्रुप, सोसायटीच्या पाण्याचा ग्रुप, वाळूजच्या डिस्पॅचचा ग्रुप, सगळे जिथे होते तिथेच होते. 18 नोव्हेंबर 2024 रोजी आयोगाने व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटींचा दंड केला. एक वर्षाने न्यायाधिकरणाने दंड ठेवला, जाहिरातींसाठी माहिती वाटण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. माझ्या लेखी इथे पैशाचा प्रश्नच नाही. संमती द्यायला माणूस मोकळा नसेल तर त्या संमतीला काय अर्थ?

हे सगळं असंच असायला हवं होतं का? गुलमंडीवरच्या कोणत्याही दुकानात उत्तर लटकलेलं आहे. यूपीआय व्यवहारांतला ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा वाटा फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपकडे आहे. एवढं केंद्रीकरण सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात असतं तर आपण धास्तावलो असतो. तरीही दुकानदाराने लावलेला क्यूआर कोड फोनपेचा असला तरी तुम्ही भीमने पैसे देता, शेजारी उभी मावशी पेटीएमने देते आणि कुणाचं काही अडत नाही. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. राष्ट्रीय देयके महामंडळाने 2016 मध्ये यूपीआय आणताना वेगवेगळ्या बँकांना एका रुळावर आणलं, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आपल्याच ॲपला ओळखणारे नवे क्यूआर कोड काढायला मनाई केली. उद्या एखाद्या ॲपने पैसे मागितले तर लोक दुपारपर्यंत दुसरं उतरवतील. बँक खातं तेच, कोड तोच. एका ॲपकडे 30 टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असा नियम महामंडळाने नोव्हेंबर 2020 मध्ये केला आणि त्याची मुदत आता 2026 च्या अखेरीपर्यंत लांबवली आहे. तो नियम पाळला गेला तर चांगलंच, पण सामान्य माणसाचं खरं संरक्षण त्या सामायिक कोडने केलं आहे.

दंडाबद्दल म्हणूनच मला फारशी आशा वाटत नाही. अँड्रॉइडच्या चौकशीपासून आदेशापर्यंत साडेतीन वर्षं गेली, आणि मोबाइलच्या बाजारात साडेतीन वर्षांत कंपन्या जन्मतात आणि मरतात. मार्च 2024 मध्ये केंद्राने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर केला. काही मोठ्या कंपन्यांवर आधीच बंधनं घालायची, गैरवापर होण्याची वाट बघायची नाही, असा त्या मसुद्याचा रोख होता. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची बंधनं ती, जी ग्राहकाला आपला माल उचलून दुसरीकडे नेऊ देतात.

वाळूजच्या टूलरूमला त्या विधेयकाचा लगेच उपयोग होईल असं नाही. मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत. स्पर्धा कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कुणीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना आयोगाला माहिती देऊ शकते, आणि तीन वापरकर्त्यांनी गूगलपर्यंत प्रकरण नेलं हे आपण पाहिलं. पण त्याहून जवळचा उपाय गिऱ्हाइकाच्या खरेदी आदेशात आहे. मोठ्या कारखान्याने मूळ फाइलसोबत स्टेप एपी 242 फाइलही पाठवायची, एवढी एक अट संघटनांनी मान्य करून घेतली तरी बरंच साधेल. 2014 मध्ये आलेल्या या आवृत्तीत आकारासोबत टॉलरन्सही जातात. मॉडेल घडवण्याचा क्रम त्यातूनही सहसा येत नाही, त्यामुळे किचकट पृष्ठभागांच्या डायला महागडं सॉफ्टवेअर लागतच राहील. मात्र फिक्स्चर, गेज, साध्या जिगचं बरंच काम नोव्हेंबर 2024 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या फुकटच्या फ्रीकॅडवर करता येतं. आणि प्रत्येक जॉब संपला की त्याची एक स्टेप आणि एक पीडीएफ प्रत काढून ठेवायची, तीही लायसन्स चालू असतानाच. रिन्युअलची तारीख उलटल्यावर ते जमत नाही.